कोपऱ्यावरील घराची मर्यादा : रत्नागिरीच्या आळ्यांच्या अनुरोधानें

जुन्या खरेदीखतांत विकल्या जाणाऱ्या ठिकाणाची चतुःसीमा देण्याची वहिवाट आहे. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस तमक्याचें परसूं, पश्चिमेस आळी, उत्तरेस रस्ता, अशा चार ओळींत त्या जागेचें स्थान निश्चित होतें. ज्या खतांत एकमेकींस लागून असलेल्या दोन दिशांस आळी किंवा रस्ता लिहिलेला असतो, तें ठिकाण कोपऱ्याचें होय. समोरासमोरच्या दोन दिशांस रस्ता असेल तर घर दुतोंडी खरें, पण कोपऱ्याचें नव्हे. साध्या घराचा संबंध तीन शेजाऱ्यांशीं आणि एका रस्त्याशीं येतो. कोपऱ्याच्या घराचा संबंध दोन शेजाऱ्यांशीं आणि दोन रस्त्यांशीं येतो. फरक दिसावयास लहान आहे. परंतु शहरांतील घरांवर जीं बंधनें कायद्यानें घातलीं आहेत, त्यांत सर्वांत अधिक गैरसमज ज्यांविषयीं आहे तीं बंधनें याच फरकांतून निघालेलीं आहेत.

कोपऱ्याच्या जागेवर घर बांधूं पाहणाऱ्यास आज तीन गोष्टी सांगण्यांत येतात. घर दोन्ही रस्त्यांपासून मागें घ्यावें. आवाराच्या हद्दीचा कोन गोल करून द्यावा. आणि कोपऱ्याजवळची आवारभिंत ठेंगणी ठेवावी. आपलीच जागा, आपलाच पैसा, आणि आपण भिंत किती उंच बांधावी हें दुसऱ्यानें ठरवावें, हा जुलूम आहे असें पुष्कळांस वाटतें. ह्या नियमांचा इतिहास पाहिला असतां हा समज टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. घर मागें घेण्याचीं कारणें काळानुसार तीन झालीं : प्रथम पावसाचें पाणी, मग उजेड-वारा, आणि शेवटीं दृष्टि. पहिल्या कारणानें शेजाऱ्याचें रक्षण होतें, दुसऱ्यानें घरांत राहणाराचें, व तिसऱ्यानें रस्त्यानें जाणाराचें. तिन्ही एकत्र कालविल्यामुळेंच घोटाळा होतो. म्हणून तीं क्रमानें पाहूं.

रत्नागिरी शहराच्या एका अंगास रत्नदुर्ग व समुद्र, दुसऱ्या अंगास भाट्याची खाडी, आणि मागें जांभ्या दगडाचा सडा आहे. वस्ती ह्या सड्यावरून उतरत बंदराकडे गेलेली असल्यामुळें रस्त्यांस चढउतार व वळणें पुष्कळ. जुन्या घरांचे दोन प्रकार येथें दिसतात. राम आळीसारख्या बाजाराच्या भागांत घराचा किंवा दुकानाचा दर्शनी भाग रस्त्याच्या कडेलाच असतो. दुसरा प्रकार आवारांतील स्वतंत्र घराचा. टिळक आळींतील ज्या घरांत इ. स. १८५६ सालीं लोकमान्यांचा जन्म झाला, तें ह्या प्रकाराचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण होय. जांभ्याच्या भिंती, उतरतें कौलारू छप्पर आणि सभोंवार मोकळी जागा ही कोंकणी घराची ठेवण तेथें पाहावयास मिळते.

ही मोकळी जागा कोणी कायदा केला म्हणून सुटली नाहीं. रत्नागिरीस वर्षाचा पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत. एवढें पाणी ज्या छपरावरून ओघळतें त्याची पागोळी कोठें पडावी, हा कोंकणांत घर बांधणाराचा पहिला प्रश्न. पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडली तर ती भिंत खचावयाची. म्हणून छपराची कड आपल्या हद्दीच्या आंत ठेवणें हा शेजारधर्म झाला. हा विचार फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तूसंबंधीं जे नियम आले आहेत, त्यांत दोन घरांमधील अंतर, छपरांच्या कडा, सांडपाणी व खिडक्या यांचा विचार शेजाऱ्यास होणाऱ्या उपद्रवाच्या अंगानें केलेला आहे. पुढें इंग्रजी अमलांत १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा झाला व तो १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू करण्यांत आला. त्यानें वीस वर्षें निर्वेधपणें उपभोगिलेल्या उजेडवाऱ्यास हक्काचें स्वरूप दिलें. पण येथवरचा सारा विचार दोन शेजाऱ्यांमधला आहे. रस्त्यानें जाणारा त्रयस्थ त्यांत नाहीं.

तो त्रयस्थ कायद्यांत आला तो प्रथम रस्त्याच्या रुंदीच्या निमित्तानें. ओटे, पायऱ्या व पडव्या यांच्या रूपानें घरें हळूहळू पुढें सरकतात आणि आळी अरुंद होत जाते, हा सर्व जुन्या शहरांचा अनुभव. मुंबई शहरासाठीं १८८८ सालीं जो म्युनिसिपल कायदा झाला, त्यांत रस्त्याची नियमित रेषा ठरविण्याचा अधिकार आयुक्तांस दिला आहे. ह्या रेषेच्या पुढें आलेलें घर उभें आहे तोंवर त्यास सहसा हात लावावयाचा नाहीं; तें पाडून पुन्हां बांधावयाचें झालें कीं मागें घ्यावयाचें, आणि गेलेल्या जागेचा मोबदला द्यावयाचा, अशी ती योजना. लहान शहरांच्या नगरपालिकांसही पुढें अशाच तऱ्हेचे अधिकार मिळाले. रत्नागिरीस लागू असलेला १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा कायदाही रस्त्याची नियमित रेषा मानतो.

येथें एक भेद स्पष्ट करणें जरूर आहे, कारण लोकांच्या बोलण्यांत तो नेहमीं बुजतो. नियमित रेषेच्या पलीकडे गेलेली जागा रस्त्यांत जाते. तिची मालकी सुटते व तिचा मोबदला मिळतो. घर व हद्द यांच्यामध्यें मोकळी सोडावयाची जी पट्टी, तिला नगररचनेच्या परिभाषेंत सामासिक अंतर म्हणतात. ही पट्टी मालकाचीच राहते, तिच्यावर केवळ इमारत उभी करतां येत नाहीं, आणि म्हणून तिचा मोबदलाही नाहीं. रस्त्यासाठीं जागा देणें व समास सोडणें हीं दोन निरनिराळीं बंधनें असून कोपऱ्याच्या घरावर तीं दोन्ही दुहेरी येतात.

समासाचें दुसरें कारण उजेड-वारा हें होय. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व १८९८ सालीं तेथें सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. दाट चाळींतील अंधाऱ्या खोल्या रोगास पोषक होतात असा त्या काळच्या जाणत्यांचा निष्कर्ष होता. त्यावरून ट्रस्टनें साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें आणला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढिली असतां ती क्षितिजाशीं ह्याहून मोठा कोन करणारी नसावी, हा त्याचा भावार्थ. ह्या कोनाचें गणित सोपें आहे : मोकळी जागा जितकी रुंद, त्याच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नको. ह्या दृष्टीनें पाहतां कोपऱ्याचें घर भाग्यवान ठरतें, कारण त्यास दोन बाजूंनीं रस्त्याचा उजेड आयता मिळतो. तेव्हां उजेडवाऱ्याच्या नियमावरून कोपऱ्याच्या घरास अधिक समास कां, ह्याचें उत्तर सांपडत नाहीं. तें उत्तर तिसऱ्या कारणांत आहे.

बैलगाडीच्या काळीं कोपरा हा अडचणीचा होता, प्राणघातक नव्हता. वळतांना गाडीचें चाक भिंतीस घांसे, एवढाच त्रास. वेगवान वाहनें आल्यावर कोपऱ्याचा प्रश्न बदलला : गाडी वळेल कीं नाहीं ह्यापेक्षां येणारा दिसेल कीं नाहीं हें महत्त्वाचें झालें. ह्या बाबतींत कांहीं नगररचनाकार काळाच्या पुढें होते. बार्सिलोना शहराच्या विस्ताराची योजना इल्देफोन्स सेर्दा यानें १८५९ सालीं केली; तींत प्रत्येक चौकाच्या चारही कोपऱ्यांचीं टोंकें तिरपीं छाटलेलीं असून छाटलेली बाजू सुमारें वीस मीटर आहे. मोटार तेव्हां जन्मासही आली नव्हती. आपल्याकडे १९२० च्या मद्रास जिल्हा नगरपालिका कायद्यांत दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर बांधावयाची इमारत गोल किंवा तिरपी छाटून घेण्याचा अधिकार आहे. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिकेच्या कायद्यांतही तशीच तरतूद आढळते.

मुंबई राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यांत हा विचार अधिक उघडपणें आला आहे. त्यांत रस्त्याच्या हद्दीशिवाय इमारत रेषा व नियंत्रण रेषा ह्या दोन रेषा ठरविण्याची सोय आहे, आणि दृष्टीविषयीं स्वतंत्र कलम आहे. महामार्गावरून जाणाराच्या दृष्टीस अडथळा होऊन धोका उत्पन्न होत असेल, विशेषतः वळणावर किंवा कोपऱ्यावर, तर तेथील भिंत, कुंपण, वई, झाड अथवा जाहिरातीचा फलक ठेंगणा करण्यास किंवा बदलण्यास अधिकाऱ्यांनीं मालकास नोटीस द्यावी, असा त्याचा आशय. येथें मालकाची तसूभरही जमीन घेतलेली नाहीं. घेतलें आहे तें जमिनीवरचें आकाश, आणि तेंही डोळ्याच्या उंचीपुरतें. आमच्या मतें मालमत्तेच्या कल्पनेंत हा एक नवा टप्पा होय. पागोळीच्या हक्कासारखाच हा दृष्टीचा हक्क आहे. मात्र तो शेजाऱ्याचा नसून वाटसरूचा आहे.

महामार्ग सोडून शहरांतील आळीकडे वळूं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागास, व त्यांत रत्नागिरीस, लागू होणारी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झाली. कोपऱ्यासंबंधींचे तिचे नियम पूर्वीच्या नियमावल्यांतूनही होते. काटकोनांत मिळणाऱ्या रस्त्यांच्या संगमावर हद्दीचा कोन गोल करावयाचा व समास त्या गोलाईपासून मोजावयाचा. आवारभिंत सामान्यतः समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंच असावी. परंतु कोपऱ्याच्या जागेवर संगमापासून दोन्ही बाजूंस दहा मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच ठेवावी, आणि वरचा पाऊण मीटर हवा असल्यास तो गजांचा, आरपार दिसणारा करावा.

पाऊण मीटर म्हणजे सुमारें अडीच फूट. हा आंकडा कोठून आला असावा हें पाहणें उद्बोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या १९३४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें दृष्टीच्या अंतराचे जे मानदंड ठरविले, त्यांत मोटार हांकणाराचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरला आहे. भिंत पाऊण मीटर असली म्हणजे हांकणारास पलीकडची गाडी, सायकलस्वार, इतकेंच नव्हे तर शाळेंत निघालेल्या पांच वर्षांच्या मुलाचें डोकेंही दिसतें. भिंत दीड मीटर झाली कीं यांतील मूल तर दिसेनासें होतेंच, पण बसका मोटारवालाही दिसत नाहीं.

आतां समास व ठेंगणी भिंत हीं दोन्ही कां हवींत, तें एका उदाहरणानें दाखवितों. सहा सहा मीटर रुंदीच्या दोन आळ्या काटकोनांत मिळतात असें समजा. दोन्हींतून एकेक वाहन आळीच्या मध्यानें समान वेगानें संगमाकडे येत आहे. कोपऱ्यावरील घर अगदीं हद्दीवर असेल, किंवा घर मागें असून उंच भिंत हद्दीवर असेल, तर दोन्ही वाहनें टक्करीच्या बिंदूपासून सहा मीटरांवर येईपर्यंत परस्परांस दिसत नाहींत. घर दोन्ही रस्त्यांपासून तीन तीन मीटर मागें घेतलें व भिंत ठेंगणी केली, तर हें अंतर बारा मीटर होतें. घर पांच पांच मीटर मागें असेल तर तें सोळा मीटर होतें. आणि ह्या वेळीं दृष्टीची रेषा संगमापासून बरोबर दहा दहा मीटरांवर आवारभिंत ओलांडते. यावरून दहा मीटरांच्या नियमाची उपयुक्तता ध्यानांत येईल. समास सोडला पण भिंत उंच ठेविली तर समास व्यर्थ. भिंत ठेंगणी केली पण घर हद्दीला भिडविलें तर भिंत व्यर्थ.

ह्या अंतरांत गाडी थांबते काय? धोका दिसल्यापासून हांकणाराचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरण्याचा उपरिनिर्दिष्ट संस्थेचा संकेत आहे. तो काल आणि चाकांचें रस्त्याशीं होणारें घर्षण हिशेबांत घेतां ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीस थांबावयास सुमारें ३० मीटर लागतात. त्याच हिशेबानें सहा मीटरांत थांबण्यास वेग ताशी आठ किलोमीटरांच्या आंत हवा. बारा मीटरांत थांबण्यास चौदा. सोळा मीटरांत थांबण्यास अठरा. हे आंकडे फार बोलके आहेत. हद्दीला भिडलेला जुना कोपरा बैलगाडीस निर्धोक होता, कारण तिचा वेग चालत्या माणसाइतकाच. आपल्या पूर्वजांनीं कोपरे गोल केले नाहींत यांत त्यांची चूक नव्हती. उलट, आजचे नियम पूर्ण पाळले तरी अरुंद आळींतून ताशी तीस किलोमीटरांनीं जाणारास ते वांचवूं शकत नाहींत. घरमालकानें आपला वांटा उचलला म्हणजे वाहन हांकणाराची जबाबदारी संपत नाहीं.

कोंकणांत ह्या हिशेबांत आणखी तीन गोष्टी मिळवाव्या लागतात. पहिली उताराची. दहा मीटरांस एक मीटर उतार असला तर वरील तीस मीटरांचे सुमारें तेहतीस होतात. दुसरी वईची. अडुळसा, निरगुडी, मोगली एरंड यांची वई उन्हाळ्यांत विरळ असते, पण श्रावणांत तीच हिरवी भिंत होते. नियमांत बसणारें आवार पावसाळ्यांत नियमाबाहेर जातें आणि त्याच दिवसांत रस्ताही निसरडा असतो. तेव्हां कोपऱ्यावरील वई पावसाच्या आरंभीं व मध्यावर छाटणें हें भिंत ठेंगणी ठेवण्याइतकेंच आवश्यक आहे. तिसरी गोष्ट गडग्याची. जांभ्याचे दगड चुन्यामातीशिवाय एकावर एक रचून केलेला गडगा केवळ आपल्या भारावर उभा असतो; तो फार उंच नेतां येत नाहीं. म्हणून जुन्या आवारांत गडग्याच्या वरून आळी आपोआप दिसे. सिमेंट आल्यावर त्याच चिऱ्यांची भिंत पुरुषभर उंच सरळ उभी राहूं लागली. पूर्वीं जी मर्यादा दगडच पाळीत होता, ती आतां नियमास सांगावी लागते.

मालकाच्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. कोन गोल करून देण्यांत जाणारी जागा नाममात्र असते. सहा मीटर रुंदीच्या दोन रस्त्यांच्या संगमावर, प्रत्येक बाजूस अर्ध्या रुंदीइतकें म्हणजे तीन मीटर अंतर धरून गोलाई काढिली तर दोन चौरस मीटरांहूनही कमी जागा जाते. समासाची गोष्ट मात्र वेगळी. बारा मीटर रुंद व अठरा मीटर लांब अशी २१६ चौरस मीटरांची जागा घ्या. तिच्या समोर तीन मीटर व इतर तिन्ही बाजूंस दीड दीड मीटर सोडले, तर बांधकामास १२१.५ चौरस मीटर उरतात. तीच जागा कोपऱ्याची मानून लांब बाजूच्या रस्त्याकडेही तीन मीटर सोडले, तर उरतात १०१.२५. म्हणजे बांधकामाची एक षष्ठांश जागा कमी झाली. जागा जितकी अरुंद तितकें हें नुकसान मोठें. जुन्या आळींतील सात आठ मीटर रुंदीच्या घरास तें पेलणेंच कठीण. म्हणून दोन रस्त्यांपैकीं अधिक रुंद रस्ता दर्शनी मानावा व दुसऱ्याकडे कमी अंतर चालवून घ्यावें, अशी रीति पुष्कळ ठिकाणच्या नियमांत आढळते. आमच्या मतें अशा लहान जागांच्या बाबतींत समासांत सवलत द्यावी लागली तरी चालेल, पण ठेंगण्या भिंतीच्या नियमांत देऊं नये. समासाची सवलत मालकास जगवते. भिंतीची सवलत कोणासही कांहीं देत नाहीं, आणि वाटसरूचें मात्र हरण करते.

शेवटीं इतिहासाच्या अभ्यासकांस एक विनंति आहे. घर पुन्हां बांधलें जातें तेव्हांच नियमित रेषा अमलांत येते. म्हणून शहराचा जुना कोपरा बहुधा एकाच वेळीं, एका घराच्या पाडापाडीबरोबर, कायमचा नाहींसा होतो. रत्नागिरींतील जुनीं कौलारू घरें जाऊन तेथें मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि प्रत्येक नव्या इमारतीबरोबर आळीची जुनी रेषा पुसली जात आहे. हें थांबवावें असें आमचें म्हणणें नाहीं. वर दाखविल्याप्रमाणें त्यांतील पुष्कळ भाग जीवरक्षणासाठीं अवश्य आहे. परंतु ती रेषा कोठें होती हें तरी लिहून ठेवावें. खरेदीखतांतील चतुःसीमा, नगर भूमापनाचे नकाशे व मिळकतपत्रिका हीं तिन्ही साधनें एकत्र ठेविलीं, तर कोणतें घर कोपऱ्याचें होतें, आळी किती हात रुंद होती आणि केव्हां कोणाची किती जागा रस्त्यांत गेली, हें बऱ्याच अंशीं उलगडतां येईल. अशी एकेका आळीची नोंद झाली तर ती केवळ इतिहासास उपयोगी पडेल असें नाहीं. पुढें रस्तारुंदीचा वाद निघेल तेव्हां मालकास व नगरपरिषदेस दोघांसही आपापली मर्यादा कोणती होती हें कागदावर दाखवितां येईल. आणि कोपऱ्यावरच्या त्या पाऊण मीटर भिंतीपलीकडून येणारें मूल दोघांच्याही दृष्टीस पडेल.